पहिला ॲनिमे, पहिला मंगा: सुरुवात कुठून करावी

"ॲनिमे बघायचाय, कुठून सुरू करू?" असं कुणी विचारलं की जपानी ॲनिमेशनचे चाहते एका दमात दहा नावं सांगतात. त्यात 'वन पीस' हमखास असतं. विचारणारा ते उघडतो, भागांचा आकडा ११००च्या पुढे गेलेला पाहतो आणि मोबाइल बाजूला ठेवतो. 'वन पीस' थोर आहे आणि माझं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, तरी नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी तिकडे पाठवत नाही.

माझा आग्रह एवढाच, की पहिली गोष्ट पूर्ण झालेली असावी. मंगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, बहुतेक वेळा एकच लेखक-चित्रकार किंवा दोघांची जोडी वर्षानुवर्षं एकच कथा सांगत राहते. पात्रं मोठी होतात, चुकतात, मरतात, आणि पहिल्या खंडात सहज येऊन गेलेली एखादी बाब शेवटच्या खंडात सगळी कथा फिरवते. टीआरपी आहे तोवर ओढायच्या मालिकांची सवय असलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना हे सुख नवं असतं. जपानमध्येही लोकप्रियतेपायी कथा लांबतात आणि वाचकांच्या मतांवर मालिका बंदही पडतात. म्हणूनच नीट संपलेली कथा आधी शोधायची.

जुजबी माहिती एवढी पुरे: मंगाची कथा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात प्रकरणाप्रकरणाने येते, मग साधारण २०० पानांच्या खंडांत निघते. गाजली की तिच्यावर ॲनिमे बनतो. ॲनिमेचा एक भाग सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्यांसह साधारण २४ मिनिटांचा असतो आणि एका हंगामात बहुधा १२-१३ भाग असतात. म्हणजे एक हंगाम पाच तासांत होतो, शनिवार-रविवारात सहज बसतो.

पायरी १: आधी एक चित्रपट बघा

मालिकेला हात घालण्याआधी एक संध्याकाळ चित्रपटाला द्या. माझी पहिली पसंती हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' (२००१). दहा वर्षांची चिहिरो आई-वडिलांबरोबर नव्या गावी निघालेली असते. वाटेत ते एका ओसाड जागी थांबतात, आई-वडील तिथलं अन्न खातात आणि डुकरं होतात. त्यांना सोडवायला चिहिरोला देवांच्या आणि भुताखेतांच्या स्नानगृहात नोकरी धरावी लागते. लढाई नाही, सुपरहिरो नाही. एक घाबरलेली मुलगी काम करत करत धीट होते, बस. या चित्रपटाला २००२ साली बर्लिन महोत्सवात गोल्डन बेअर मिळालं आणि २००३ साली ऑस्कर. पण तो बघायचा तो गाडीच्या प्रसंगासाठी. पाण्यावरून धावणारी आगगाडी, आत सावल्यांसारखे उतारू, आणि कितीतरी वेळ कुणी काही बोलतच नाही. ॲनिमे शांततेचा किती सुंदर वापर करतो, ते तिथे कळतं.

कुटुंबासोबत, लहान मुलांसोबत बघायचं असेल तर त्यांचाच 'माय नेबर टोटोरो' (१९८८) लावा. त्यात खलनायकच नाही. आई दवाखान्यात असलेल्या दोन बहिणी, खेडं, झाडं, आणि जंगलात राहणारा एक प्रचंड, मऊ प्राणी. याच टोटोरोबरोबर, एकाच दिवशी, जोडीने प्रदर्शित झालेला मियाझाकी यांच्याच स्टुडिओ घिबली या चित्रसंस्थेचा आणखी एक चित्रपट म्हणजे इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात आणि दोन भावंडं उघड्यावर येतात. हा चित्रपट प्रत्येकाने आयुष्यात एकदा पाहावा, पण पहिला म्हणून नाही, आणि मुलांना सोबत घेऊन तर अजिबात नाही.

प्रेमकथा आवडत असेल तर माकोतो शिंकाई यांचा 'युअर नेम' (२०१६). शिंकाई यांचं नाव भारतीय चाहत्यांना जवळचं आहे. त्यांचा 'वेदरिंग विथ यू' आपल्याकडे दाखवावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या आणि २०१९ साली तो खरोखर भारतातल्या चित्रपटगृहांत लागला.

पायरी २: स्वतःची आवड ओळखून मालिका निवडा

"सगळ्यात गाजलेली कोणती?" हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. एरवी तुम्ही काय वाचता आणि काय बघता, त्यावरून निवडा.

काहीच ठरत नसेल तर 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' घ्या. एकच मालिका सुचवायची मुभा असेल तर मी हीच सुचवेन. एडवर्ड आणि अल्फोन्स हे दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायचा प्रयत्न करतात. त्याची किंमत भयंकर असते: धाकट्याचं पूर्ण शरीर जातं आणि त्याचा आत्मा एका लोखंडी चिलखतात अडकतो, थोरल्याचा एक हात आणि एक पाय जातो. शरीरं परत मिळवायला दोघं निघतात, तिथून कथा सुरू होते. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं, हा या जगातल्या किमयेचा नियम. लेखिका तो नियम शेवटच्या भागापर्यंत मोडत नाही.

वरवर ही साहसकथा आहे, पण आत एका लष्करी राजवटीने केलेलं नरसंहाराचं पाप आहे. ज्या अधिकाऱ्यांवर आपला जीव जडतो त्यांचे हात त्या रक्ताने माखलेले असतात. त्यांना हे ठाऊक असतं आणि त्याची जबाबदारी कशी घ्यायची हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. किशोरांच्या मासिकात आलेल्या कथेत हे इतक्या गांभीर्याने मांडलंय, याचं मला आजही अप्रूप वाटतं. लेखिका हिरोमू अराकावा होक्काइदोमधल्या गोठ्यात वाढल्या. जगण्यासाठी काय मोजावं लागतं याची रोखठोक जाण त्यांच्या लिखाणात सगळीकडे आहे.

एक व्यवहाराची सूचना. या कथेचे दोन ॲनिमे आहेत. २००३चा ५१ भागांचा ॲनिमे आला तेव्हा मंगा अर्धवट होता, म्हणून त्याने पुढे स्वतःची वेगळी वाट आणि वेगळा शेवट घेतला. २००९-१०चा 'ब्रदरहूड' ६४ भागांचा असून मंगाला धरून शेवटापर्यंत जातो. तो निवडा. सुरुवातीचे दहा-बारा भाग घाईत जातात, कारण तो भाग आधीच्या ॲनिमेत येऊन गेला होता. तेवढी कळ काढा. चौथा भाग मात्र जेवताना बघू नका.

रहस्यकथा, गुन्हेगारी कादंबऱ्या आवडणाऱ्यांनी 'डेथ नोट' बघावी. ज्याचं नाव लिहाल तो मरेल अशी वही एका हुशार विद्यार्थ्याला सापडते, आणि 'एल' नावाचा गुप्तहेर त्याच्या मागे लागतो. ३७ भाग, पंधरा तासांच्या आत काम तमाम. माझ्या मते २५व्या भागानंतर पकड थोडी सैल होते, पण तोवर तुम्ही शेवट पाहिल्याशिवाय उठणार नाही. वय थोडं जास्त असेल आणि संथ, दाट कथा चालत असेल, तर नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर'. जर्मनीत काम करणारा जपानी शल्यविशारद तेनमा महापौराला बाजूला ठेवून एका लहान मुलाचा जीव वाचवतो, आणि काही वर्षांनी तोच मुलगा खुनी होऊन समोर येतो. मी योग्य केलं की अयोग्य, या एका प्रश्नावर ७४ भाग उभे आहेत आणि जवळजवळ कुठेही जादू नाही. ॲनिमे म्हणजे मोठे डोळे आणि आरडाओरडा, असं समजणाऱ्या ज्येष्ठांना मी हीच दाखवतो.

खेळ आवडतो? 'हायक्यू!!' शाळेतल्या व्हॉलीबॉल संघाची गोष्ट, आणि नायक उंचीने कमी. आपल्या गावागावांत, शाळेच्या मैदानावर जाळी बांधून हा खेळ खेळलेल्यांना त्यातला प्रत्येक पास समजेल. हारलेल्या संघाकडेही कॅमेरा तितक्याच मायेने वळतो, आणि बहुतेक खेळपटांना हेच जमत नाही. मंगा ४५ खंडांत पूर्ण झाला आहे. ॲनिमेचा पहिला हंगाम २५ भागांचा आहे आणि तेवढाच पाहिला तरी समाधान मिळतं.

कोकणातल्या राखणदाराच्या, देवचाराच्या गोष्टी ऐकत जे मोठे झाले त्यांच्यासाठी 'मुशिशी'. गिंको नावाचा भटका माणूस गावोगाव फिरतो आणि माणसांच्या आयुष्यात शिरलेल्या अदृश्य जीवांची उकल करतो. पहिल्या मालिकेचे भाग २६ असून प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. रोज रात्री एकच बघावा.

तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांना 'फ्रीरेन' भिडते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. राक्षसराजाला हरवण्याची मोहीम संपल्यावर ही कथा सुरू होते. हजाराहून जास्त वर्षं जगणाऱ्या जादूगारणीला तो दहा वर्षांचा प्रवास किरकोळ वाटलेला असतो. मग सोबतचा शूर योद्धा म्हातारा होऊन मरतो आणि तिला उमगतं, की आपण त्याला ओळखून घेतलंच नाही. माझ्या नियमाला हा अपवाद आहे, कारण मूळ मंगा अजून पूर्ण झालेला नाही. पण पहिल्या हंगामाचे २८ भाग इतके भरलेले आहेत की अपुरं वाटत नाही.

शाळेतली छळवणूक, अपराधगंड, माफी या गोष्टींवर काही बघायचं तर 'अ सायलेंट व्हॉइस'. मंगा फक्त ७ खंडांचा, चित्रपट २०१६चा, नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेला.

पायरी ३: क्रम नीट तपासा

नव्या प्रेक्षकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'डीमन स्लेयर' हे चांगलं उदाहरण. आधी २६ भागांचा पहिला हंगाम, मग 'मुगेन ट्रेन'. ही कथा चित्रपट म्हणूनही आहे आणि ७ भागांच्या रूपातही, त्यामुळे दोन्हींपैकी एकच बघा. पण ती गाळून थेट पुढच्या हंगामावर गेलात तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी का आहे ते कळणार नाही. २०२५ साली 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला, तो तर कथेच्या अंतिम टप्प्याचा चित्रपट आहे. मित्रांबरोबर सरळ तोच बघितला तर लढाया डोळ्यांना सुखावतील, पण पात्रं अनोळखीच राहतील.

'ॲटॅक ऑन टायटन'चंही तसंच. 'अंतिम हंगाम' या एकाच नावाखाली तो २०२० ते २०२३ असा तुकड्यातुकड्यांनी आला. मालिका सुरू करण्याआधी पाच मिनिटं काढून भागांचा क्रम लिहून ठेवा. क्रम बघताना कथेचा सारांश मात्र वाचू नका, विशेषतः या मालिकेचा.

दर आठवड्याला न थांबता चालणाऱ्या जुन्या मालिकांत आणखी एक प्रकार असतो. ॲनिमे मंगाला गाठतो तेव्हा वेळ काढायला मुळात नसलेले भाग घुसवले जातात. चाहते त्यांना 'फिलर' म्हणतात. 'नारुतो'च्या पहिल्या २२० भागांत १३६व्या भागापासून जवळजवळ शेवटपर्यंत फिलरच आहेत. ते सोडले तरी कथेचं काही अडत नाही. अशा भागांच्या याद्या सहज मिळतात, त्या बिनदिक्कत वापरा.

पायरी ४: कुठे बघायचं आणि कोणत्या भाषेत

क्रंचीरोल ही खास ॲनिमेसाठीची सेवा भारतात चालते आणि तिच्यावर हिंदी डबिंगही मिळतं. घिबलीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले आहेत. म्यूझ एशियाच्या यूट्यूब वाहिनीवर काही मालिका फुकट आणि कायदेशीर बघता येतात. हक्क बदलतात तशा याद्याही बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी आपली मालिका तिथे आहे का ते बघून घ्या.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे: जमत असेल तर जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं. जपानमध्ये आवाज देणारे कलाकार हा स्वतंत्र, मानाचा पेशा आहे आणि त्यांच्या कामात अर्धी गंमत आहे. पण आजीबरोबर बघताय किंवा भरभर वाचायला त्रास होतो, तर हिंदी डबिंग घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ज्यांनी लहानपणी दूरदर्शनवर 'जंगल बुक' पाहिलं त्यांनी डब केलेला ॲनिमेच पाहिला होता. १९८९ साली जपानमध्ये निप्पॉन ॲनिमेशनने बनवलेल्या त्या ५२ भागांच्या मालिकेत, हिंदीत शेरखानचा आवाज होता नाना पाटेकरांचा.

पायरी ५: मंगा हातात घ्या

काही कथांचं खरं घर कागद आहे. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. पुस्तकाचा कणा उजव्या हाताला येतो, पानावर सगळ्यात वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात करायची आणि एकाच चौकटीतले संवादही उजवीकडचा आधी वाचायचा. पहिली वीस पानं अडखळाल, मग नजर आपोआप वळते. चौकटींभोवतीचा कोरा भाग काळा झाला की बहुधा आठवण किंवा भूतकाळ चालू आहे असं समजा. भरभर पानं उलटू नका. संवाद नसलेल्या पानावर लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते.

पहिला मंगा म्हणून आपल्याकडच्या वाचकाला मी ओसामू तेझुका यांचा 'बुद्ध' देतो. तेझुका म्हणजे आजच्या मंगाचा आणि टीव्हीवरच्या ॲनिमेचा पाया घालणारा माणूस. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी सिद्धार्थ गौतमाचं आयुष्य चितारलं. इंग्रजीत ते ८ खंडांत मिळतं. अमर चित्रकथा वाचत वाढलेल्यांना कपिलवस्तू ओळखीचं वाटेल, पण इथे जातिव्यवस्थेची दाहकता थेट समोर येते. पहिल्या खंडात सिद्धार्थापेक्षा चाप्रा हा गुलाम मुलगा आणि ताता हा अस्पृश्य मुलगाच कथा पेलतात. हे दोघेही तेझुकांनी कल्पिलेले आहेत, म्हणून इतिहास म्हणून वाचू नका, कादंबरी म्हणून वाचा.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर इंग्रजी मंगाचा एक खंड साधारण ४०० ते ६०० रुपयांच्या घरात जातो. म्हणून सुरुवात छोट्या मालिकेने करा: 'अ सायलेंट व्हॉइस' ७ खंड, 'डेथ नोट' १२. 'फुलमेटल'सारख्या मोठ्या मालिकांच्या, तीन खंड एकत्र असलेल्या आवृत्त्या निघाल्या आहेत, त्या स्वस्त पडतात. मंगा प्लस या शुएइशा प्रकाशनाच्या ॲपवर अनेक मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट असतात. आवड जुळते का ते तिथे आधी बघा. चोरून टाकलेल्या पानांच्या संकेतस्थळांवर जाऊ नका. तिथे लेखकाला काही मिळत नाही, आणि भाषांतर इतकं कच्चं असतं की चांगली कथा फुकट जाते.

मुलांसाठी निवडताना

'शोनेन', 'शोजो', 'सेइनेन' हे शब्द सारखे कानावर येतील. शोनेन म्हणजे किशोरांसाठी, शोजो किशोरींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी. हे शिक्के मंगा कोणत्या मासिकात छापला गेला एवढंच सांगतात. 'डेथ नोट' शोनेन साप्ताहिकात आली होती. आपल्याकडे घराघरांत मुलांनी पाहिलेला शिन-चान मुळात मोठ्यांच्या मासिकात सुरू झाला होता. तेव्हा चित्रं आहेत म्हणजे मुलांचंच असणार, असं गृहीत धरू नका. वयाचं प्रमाणपत्र बघा आणि पहिला भाग स्वतः आधी पाहून घ्या. टोटोरो, 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' आणि 'पोन्यो' डोळे झाकून लावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्यायचं असेल तर युगो साको आणि राम मोहन यांच्या भारत-जपान सहकार्यातून घडलेला 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' दाखवा. जानेवारी २०२५ मध्ये तो इथल्या पडद्यावर पुन्हा आला होता.

पायरी ६: आता लांब पल्ला

दोन-तीन पूर्ण मालिका झाल्या की 'वन पीस'कडे या. ॲनिमेपेक्षा मंगाने सुरू करा, वेग चांगला आहे. अकराव्या खंडात अर्लाँग पार्कचं प्रकरण संपतं, तिथपर्यंत वाचा. नामी मदत मागते आणि नायक लुफी तिच्या डोक्यावर आपली टोपी ठेवतो, त्या पानाने काहीच हललं नाही तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, निर्धास्त सोडा. हललं तर पुढचे शंभर खंड तुमचेच. अर्धवट राहिलेल्या कथांबद्दल मात्र आधीच सावध करतो: आइ याझावा यांची 'नाना' २००९पासून थांबलेली आहे. वाचाल तर हे माहीत असूनच वाचा.

याखेरीज पुढचं नाव शोधायचा एक हमखास मार्ग आहे: आवडलेल्या लेखकाचं दुसरं पुस्तक. 'मॉन्स्टर' आवडली तर उरासावांची 'प्लूटो' घ्या. ती ८ खंडांची आहे आणि तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'मधल्या एका कथेवर उभी आहे, म्हणजे तिथून तुम्ही आपसूक तेझुकांकडे जाल. 'फुलमेटल' आवडली तर अराकावांची 'सिल्व्हर स्पून'. शहरातला एक मुलगा होक्काइदोच्या शेतकी शाळेत येतो, डुकराच्या एका पिल्लाला जीव लावतो आणि ते पुढे कापलं जाणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. ज्यांच्या घरी गोठा आहे, दूध डेअरीला जातं, त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. ॲनिमेचे भाग २२ आहेत आणि ते कथेच्या मध्यातच थांबतात. पुढचं सगळं मंगाच्या १५ खंडांत आहे, त्यामुळे ॲनिमे आवडला तर मंगा पहिल्या खंडापासूनच घ्या.